वर्गातली स्क्रीन, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि श्रद्धा: तुम्ही कसं ठरवता?

विज्ञानाच्या_बाई

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि ख्रिस्ती आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगते, कारण प्रश्न दोन्हींतून आलाय.

आमच्या शाळेत यंदापासून गृहपाठ, चाचण्या, हजेरी, पालकांना निरोप, सगळं एकाच ऑनलाइन प्रणालीवर गेलं. वर्गात डिजिटल फळा बसला, मुलांना टॅब मिळाले. प्रशिक्षण म्हणून एका दिवसाचं सत्र झालं. कुठलं बटण कुठे, पासवर्ड विसरला तर काय करायचं, निकालाचा तक्ता कसा उघडायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या, सह्या केल्या, प्रमाणपत्रं आली. आता बहुतेक वर्गांत त्या फळ्यावर पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडून वाचली जाते, बाकी सगळं पूर्वीसारखंच. आणि मुख्याध्यापकांनी मला सांगितलंय की पुढचं प्रशिक्षण तुम्ही घ्या.

हे काम मला मनापासून करायचंय. म्हणूनच नुसती बटणं शिकवून मोकळं व्हायचं नाही.

मला काय खटकतंय ते एका उदाहरणावरून सांगते. विद्युत परिपथाचा पाठ झाला, मुलांनी टॅबवर चाचणी दिली. एका मुलीच्या नावापुढे हिरवी खूण आली, दहापैकी नऊ. दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाकापाशी बसून सहज विचारलं, "एकसर जोडणीत दोन सारखे बल्ब लावले तर कुठला जास्त उजळेल?" ती म्हणाली, "पहिला. वीज आधी त्याच्याकडे येते ना. तो त्याचा वाटा घेतो, उरलेली पुढे जाते." विज्ञान शिकवणाऱ्यांना हा गैरसमज चांगला ओळखीचा आहे: बल्बात विद्युतधारा 'वापरली जाते'. चाचणीत सूत्रात आकडे घालून उत्तर काढायचं होतं, ते तिनं बिनचूक काढलं होतं. तक्ता खोटं बोलत नव्हता, पण त्याला जे विचारलं होतं तेवढंच तो सांगत होता.

मग मी फेटचं परिपथाचं सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवरच करून पाहायचा प्रयोग, उघडलं. (माहीत नसलेल्यांसाठी: भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. फुकट आहे, बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत, आणि उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही.) तिला म्हटलं, बल्बाच्या अलीकडे एक अॅमीटर (विद्युतधारा मोजणारं उपकरण) लाव आणि पलीकडे एक लाव. तिनं लावले. दोन्हीकडे एकच आकडा. तिनं तारा काढल्या, पुन्हा जोडल्या, अॅमीटरांची अदलाबदल करून पाहिली. आकडा तोच. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई, जेवढं आत गेलं तेवढंच बाहेर आलं, तर बल्बानं घेतलं काय?"

ऊर्जा आणि विद्युतधारा यांतला फरक शिकवायला याहून चांगला प्रश्न मला सुचला नसता. आणि तो त्याच टॅबवर आला, ज्या टॅबवरची हिरवी खूण पाहून मी पुढच्या धड्याला लागू शकले असते.

आता श्रद्धेचं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू घाईत आहे. याईर नावाच्या माणसाची मुलगी मरणाच्या दारात आहे, लोकांची झुंबड उडालीये, आणि बारा वर्षं रक्तस्रावानं गांजलेली एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. तो थांबतो. कुणी स्पर्श केला म्हणून विचारतो. शिष्यांना ते विचित्र वाटतं, कारण एवढ्या गर्दीत धक्का तर सगळ्यांचाच लागतोय. तरी तो थांबतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो, याईर बाजूला ताटकळत असताना. माझ्या शिकवण्याचा पाया या उताऱ्यात आहे असं मी मानते. अभ्यासक्रमाची घाई खरी असते, पण एका मुलापाशी थांबणं हा त्यातला व्यत्यय नाही, तेच माझं काम आहे. निकालाचा तक्ता मला सगळ्या वर्गाची खबर एका नजरेत देतो, आणि नेमकं त्यामुळेच कुणापाशी थांबायची गरज वाटेनाशी होते.

माझ्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं आहेत. मी वर्गात धर्म सांगत नाही, सांगणारही नाही. पण कुठलं साधन घ्यायचं आणि कुठलं ठेवून द्यायचं हे ठरवताना माझी श्रद्धा मनात बोलतेच. तुम्ही हे कसं ठरवता? सहकारी शिक्षक खरोखर शिकतील असं प्रशिक्षण कुणी घेतलंय का? आणि श्रद्धेनं या निर्णयात बोलावं असं तुम्हाला वाटतं का? जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही मोकळेपणानं लिहा.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

बाई, प्रश्न नेमका आहे. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर शेवटीच लिहितो. आधी प्रशिक्षणाबद्दल, कारण त्यात माझी हयात गेली.

ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणावर बरेच काम केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भाषण ऐकून, प्रात्यक्षिक पाहून, सत्रात सराव करूनही नवी पद्धत वर्गापर्यंत फारशी पोचत नाही, शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, बरोबरीच्या कुणाच्या सोबतीने पाठपुरावा झाला की मगच ती रुजते. तुमच्या शाळेत पीडीएफ वाचली जाते, याचे कारण शिक्षक आळशी आहेत असे नाही. त्यांना सत्र मिळाले, सोबत मिळाली नाही.

तेव्हा ॲपचे प्रशिक्षण घेऊच नका. तुमच्या त्या मुलीच्या उत्तराचे घ्या. "बल्बात विद्युतधारा वापरली जाते" हा समज मोडायचा, एवढाच विषय. जपानमध्ये पाठ-अभ्यासाची पद्धत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. विषयाचे तीन-चार शिक्षक मिळून एकच पाठ बारकाईने आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात बसतात. बसणाऱ्यांनी शिक्षकाकडे पाहायचे नाही, मुलांकडे पाहायचे. मी आमच्याकडे हे करताना प्रत्येक निरीक्षकाला पाठाआधीच मुले नेमून देत असे: एक चटकन उत्तर देणारे, एक मधले, एक कधीच हात वर न करणारे. त्या मुलांनी काय लिहिले, काय खोडले, शेजाऱ्याला काय विचारले, तेवढेच टिपायचे. "सुंदर शिकवले" हे वाक्य कागदावर नको.

पाठ संपल्यावर त्याच दिवशी बसायचे. दुसऱ्या दिवशी बसलात तर सगळ्यांना आठवते ते मत, मुलांचे शब्द निसटून गेलेले असतात. आधी शिकवणारा बोलेल, मग टिपणे वाचली जातील. चर्चा पाठाची, शिकवणाऱ्याची नाही. हा नियम पहिल्या दिवशी मोडला तर पुढच्या वेळी कुणी वर्गाचे दार उघडणार नाही.

यात तंत्रज्ञान आपोआप येते. कुणीतरी विचारेल, "इथे खरे बल्ब घ्यावे की सिम्युलेशन?" ही खरी व्यावसायिक चर्चा. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले की विषयाचे ज्ञान वेगळे, शिकवण्याचे तंत्र वेगळे, आणि हा विषय या मुलांना कसा समजेल याचे ज्ञान आणखी वेगळे. मिश्रा आणि कोह्लर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. त्यांचाही आग्रह हाच होता की साधन विषयापासून तोडून शिकवू नये.

आता श्रद्धेबद्दल. मुलापाशी थांबणे ही कुण्या एका धर्माची मिरास नाही, हे तुम्हीही मान्य कराल. माझ्या मनात ते माझ्या गुरुजींकडून आले. तुमच्या मनात ते शुभवर्तमानातून येत असेल तर त्यात मला गैर काही दिसत नाही. फक्त सहकाऱ्यांसमोर मांडताना कारण असे द्या की जे श्रद्धा न मानणाऱ्यालाही तपासून पाहता येईल. "हिरवी खूण आलेल्या मुलांपैकी कितींना हे उत्तर तोंडी देता येते ते पाहू," हे तसे कारण आहे.

---

खरे_बल्ब_वापरा

सिम्युलेशनचं कौतुक समजलं, पण प्रत्यक्ष हातात तार धरल्याशिवाय वीज कळते का? सेल उतरलेला, तार सैल, होल्डर गंजलेला, यातूनच मुलं शिकतात.

---

विज्ञानाच्या_बाई

@खरे_बल्ब_वापरा, मीही तसंच धरून चालले होते, पण याच प्रश्नावर कोलोरॅडोतल्या भौतिकशास्त्र शिक्षणाच्या गटाचा २००५ सालचा अभ्यास आहे. एका गटानं खरं साहित्य वापरलं, दुसऱ्यानं सिम्युलेशन. सिम्युलेशनवाले संकल्पनांच्या प्रश्नांत पुढे राहिले, आणि नंतर खरा परिपथ जोडून समजावून सांगायला लावलं तेव्हाही पुढेच होते. कारण उघड आहे. समज अजून कच्ची असताना सैल तार ही समजेच्या आड येते. बल्ब का पेटला नाही, माझा विचार चुकला की सेल उतरला, हे मुलाला कळत नाही. म्हणून मी आधी सिम्युलेशन घेते आणि मग खरे बल्ब. खरे बल्ब सोडत मात्र नाही. गंजलेला होल्डर घासून दिवा पेटवण्याचा आनंद स्क्रीनवर मिळत नाही, आणि दोष शोधणं हेही विज्ञानच आहे.

---

भाषेचा_तास

मी भाषा शिकवतो, कॅथलिक आहे. माझ्याकडे हा प्रश्न वेगळ्याच दारानं आला.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला लोकांसाठी खुलं झालं आणि पुढच्याच निबंधांत मला अनोळखी आवाज ऐकू यायला लागले. स्टाफरूममध्ये लगेच चर्चा सुरू झाली की निबंध यंत्रानं लिहिलाय का ते ओळखणारं सॉफ्टवेअर घ्यावं. मी विरोध केला, आणि माझा विरोध थेट बायबलमधल्या दहा आज्ञांतून आला होता: आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. त्या सॉफ्टवेअरचा टक्केवारीचा आकडा दाखवून मी एखाद्या मुलाला "तू हे लिहिलं नाहीस" असं म्हणालो आणि त्यानं ते रात्री जागून लिहिलेलं असेल, तर मी काय केलं? साक्षच दिली ना, आणि तीही न पाहता.

@निवृत्त_मुख्याध्यापक सरांनी म्हटलं तसं तपासता येणारं कारणही माझ्याकडे होतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच असं एक ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात ओळखयंत्रं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निबंध त्यांत घातले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर यंत्रानं लिहिल्याचा शिक्का बसला. साधे शब्द आणि सरळ वाक्यं हाच त्यांचा गुन्हा. परक्या भाषेत जपून लिहिणारं मूल नेमकं तसंच लिहितं.

मग मी काय करतो? पहिला मसुदा वर्गातच, हातानं. तो वहीतच राहतो. घरी जाऊन त्यात काय सुधारायचं ते सुधारा, टॅबवर टंकून आणा. दिल्यावर मी प्रत्येकाला त्याच्याच निबंधातलं एक वाक्य वाचून दाखवतो आणि विचारतो, "हे असं का लिहिलंस?" ज्यानं लिहिलंय तो बोलायला लागतो, कधी थांबतच नाही. एका मुलानं आजोबांच्या सायकलवर लिहिलं होतं, 'घंटी वाजायची नाही म्हणून आजोबा खोकायचे.' मी विचारलं तेव्हा तो तो खोकला काढून दाखवायला लागला. कुठल्या यंत्राला हे तपासता येणार?

वेळ जातो, खूप जातो. त्यासाठी मी वर्षातले निबंध कमी केले. थोडे लिहू देत, पण प्रत्येकावर बोलणं होऊ दे.

व्हॅटिकननं जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर 'अँटिक्वा एट नोव्हा' नावाची टिपणी प्रसिद्ध केली. त्यात शिक्षणावर एक भाग आहे आणि शिक्षकाच्या प्रत्यक्ष सोबतीतून जे नातं घडतं ते यंत्राला घडवता येत नाही असा मुद्दा आहे. बाई, तुमच्या पोस्टच्या बरोबरीनं तो वाचावा असं सुचवतो.

---

स्पर्शलिपी

मी विशेष शिक्षिका आहे, अंध आणि अल्पदृष्टी मुलांसोबत काम करते. वर तंत्रज्ञान घ्यावं की घेऊ नये अशी चर्चा चाललीये. आमच्या मुलांपुढे हा पर्यायच नसतो, म्हणून थोडं लिहिते.

लुई ब्रेल लहानपणीच वडिलांच्या कारखान्यातल्या हत्यारानं अंध झाला. १८२४ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्यानं ठिपक्यांची लिपी तयार केली, १८२९ मध्ये ती छापून आली. पुढे तो पॅरिसमधल्या त्याच अंधशाळेत शिक्षक झाला आणि चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. वर्गातल्या तंत्रज्ञानाचा इतिहास मी इथून शिकवते. एका विद्यार्थ्यानं, आपल्याला काय हवंय हे ओळखून, स्वतः केलेलं साधन. आजचं एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअरही मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभं केलंय.

बाई, तुमच्या शाळेत सगळं एका प्रणालीवर गेलंय ना, मग आजच एक करून पाहा. शिक्षक जी पीडीएफ चढवतात ती एनव्हीडीएनं वाचायला लावा. पुस्तकाचं पान स्कॅन करून चढवलं असेल तर ते नुसतं चित्र असतं, त्यात अक्षरं नसतात. वाचक गप्प बसतो. आमचं मूल कान लावून बसतं आणि काहीच येत नाही. शिक्षकाच्या तक्त्यात मात्र 'साहित्य पाठवले' असं दिसतं. ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरनं ओळखून) खरा मजकूर चढवायला फार वेळ लागत नाही, आकृतीखाली दोन ओळींचं वर्णन लिहायलाही नाही. तुमच्या प्रशिक्षणात हे घ्याच, विनंती करते.

श्रद्धेचं म्हणाल तर मार्कचाच दहावा अध्याय. आंधळा बार्तीमय रस्त्याकडेला बसून हाका मारतोय, लोक त्याला गप्प करताहेत. येशू त्याला बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. त्याला काय हवंय हे समोर दिसत असतानाही विचारतो! मी या ओळीवर कितीदा प्रार्थना केलीये. आमच्या एका अल्पदृष्टी मुलाला फळ्यावरचं मोठं करून दाखवणारा टॅब मिळाला, चांगल्या मनानं दिलेला. तो वापरेना. सगळ्यांना वाटलं लाजतोय. मी विचारलं तर म्हणाला, "टॅबमध्ये शोधेपर्यंत सर पुढे गेलेले असतात. सरांनी लिहिताना तोंडानं बोललं तर मला पुरेल." तेवढंच हवं होतं त्याला. सरांनी बोलत लिहायला सुरुवात केली, आणि वर्गातली इतर मुलंही जास्त लिहून घ्यायला लागली.

---

गणिताचा_फळा

श्रद्धेच्या चर्चेत माझी भर नाही, पण एक गोष्ट सगळेच विसरताहेत. मुलांची माहिती. चाचणीचे गुण, हजेरी, कोण किती वाजता लॉगिन झालं, हे जातं कुठे? ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०२२ मध्ये ४९ देशांतली दीडशेहून जास्त शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तपासली, तर दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या हक्कांना बाधा येईल अशा पद्धतीनं माहिती हाताळत होती, किंवा तसं करू शकत होती. युनेस्कोनं २०२३ च्या शिक्षण अहवालात विचारलेला प्रश्न हाच आहे की हे तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर वर्गात येतंय. बाई, मुख्याध्यापकांकडून हे लेखी घ्या: कुठली माहिती गोळा होते, किती काळ राहते, मूल शाळा सोडून गेल्यावर पुसली जाते का. पालक विचारतील तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

---

रविवारची_शाळा

मी दिवसा प्राथमिक शिक्षिका आणि रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) मुलांचा वर्ग घेते. बाईंना सतराव्या शतकातल्या योहान आमोस कोमेन्स्की या शिक्षणतज्ज्ञाची आठवण करून द्यावीशी वाटली, कमेनियस म्हणून जास्त ओळखतात त्याला.

तो आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोरावियाचा, ब्रदरन मंडळीचा बिशप. धर्मयुद्धांत देश सुटला, प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मुलं गेली. १६५६ मध्ये पोलंडमधलं लेश्नो शहर जळालं त्यात घर आणि कित्येक वर्षांची हस्तलिखितं गेली. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्युरेंबर्गला त्याचं 'ऑर्बिस पिक्टस' छापून आलं, मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक. त्या काळच्या वर्गातलं ते नवं तंत्रज्ञानच. दीडशे चित्रं, चित्रातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणि तोच क्रमांक खालच्या लॅटिन आणि जर्मन ओळींत. अक्षरओळख प्राण्यांच्या आवाजांतून: कावळा ओरडतो तो 'आ'.

मला त्याची प्रस्तावना फार आवडते. मुलांना चित्रं हातानं काढू द्यावीत असं तो सांगतो. आणि रंग, चव अशा ज्या गोष्टी शाईत येत नाहीत त्या प्रत्यक्ष समोर ठेवाव्यात असंही सांगतो. स्वतःच्या साधनाची हद्द तो त्याच पुस्तकात आखून देतो. सृष्टी देवाची आहे आणि प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, ती पाहता यावी, ही त्याची श्रद्धा होती. पुस्तक त्या पाहण्यासाठी. आपल्या डिजिटल फळ्याच्या सूचनापुस्तिकेत अशी प्रस्तावना असती तर!

म्हणून बाई, श्रद्धेनं बोलावं का, तर हो. आणि बोलताना तिनं घाबरवू नये. आमच्या मंडळीत काही जण स्क्रीन दिसली की लगेच जगाची माया म्हणतात. छापखाना आला तेव्हा त्यावर बायबलच छापलं गेलं, एवढं मी त्यांना सांगते.

---

विज्ञानाच्या_बाई

तुम्ही सगळ्यांनी एवढं मन लावून लिहिलंत, मनापासून आभार. काल रात्री आणि आज पहाटे पुन्हा पुन्हा वाचलं.

@निवृत्त_मुख्याध्यापक सर, तपासता येणारं कारण द्या हे पटलं. मुलापाशी थांबणं ही कुणाची मिरास नाही हेही. फक्त एक मांडू देत. थकलेल्या दिवशी, शेवटच्या तासाला, मुलापाशी थांबायचं बळ मला कारणातून मिळत नाही, प्रार्थनेतून मिळतं. ते माझ्यापुरतं आहे, पण ते नसेल तर माझ्या हातून पद्धत टिकणार नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल असं लिहिलंय, आणि ते मी खरं मानते. म्हणून तक्त्यातल्या हिरव्या खुणेवर माझी सही असते तेव्हा मला ते मूल माहीत असायला हवं.

पुढचं ठरवलंय. ॲपचं सत्र रद्द. विज्ञानाच्या दोन शिक्षकांना विचारलं, दोघं तयार झाले. पाठ एकसर जोडणीचाच. आधी तोंडी प्रश्न, मग सिम्युलेशन, मग खरे बल्ब. टॅबवरची चाचणी राहील, पण सूत्राच्या प्रश्नांऐवजी "कुठला बल्ब जास्त उजळेल आणि का" हा प्रश्न, आणि 'का'चं उत्तर मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं किंवा बोलून नोंदवायचं. ती उत्तरं यंत्र तपासणार नाही, आम्ही तिघं वाचणार. हजेरी, निरोप, बेरजा हे सगळं मात्र खुशाल यंत्राला देते, वेळ तिथूनच निघणार आहे.

@स्पर्शलिपी ताई, आज आमच्या प्रणालीवरच्या विज्ञानाच्या फाइली एनव्हीडीएनं उघडून पाहिल्या. बहुतेक गप्प. त्या दुरुस्त करायला घेतल्यात. परिपथाच्या आकृतीचं वर्णन कसं लिहायचं ते मात्र अडलंय. "सेल, दोन बल्ब, अॅमीटर" एवढी यादी पुरते का, की कशाला काय जोडलंय ते क्रमानं सांगायचं?

@गणिताचा_फळा, माहितीबद्दलचं पत्र मुख्याध्यापकांना दिलं. त्यांनाही हा प्रश्न पडला नव्हता, पुरवठादाराकडे लेखी विचारणा करतो म्हणाले.

---

स्पर्शलिपी

यादी पुरत नाही, बाई. क्रमानंच सांगा, विद्युतधारा जाते त्या दिशेनं: "सेलच्या धन टोकापासून तार अॅमीटरला, तिथून पहिल्या बल्बाला, तिथून दुसऱ्या बल्बाला, आणि परत सेलच्या ऋण टोकाला." म्हणजे मूल बोटानं टेबलावर तो रस्ता फिरवून बघू शकतं. जमलं तर जाड दोरा पुठ्ठ्यावर चिकटवून एक आकृती करून ठेवा, बल्बाच्या जागी बटण लावा. समांतर जोडणीसाठी तर ते हवंच, फांद्या फुटल्या की नुसत्या शब्दांत मूल हरवतं.

---

निवृत्त_मुख्याध्यापक

पहिला पाठ तुम्ही स्वतः शिकवा, बाई, दुसऱ्याला पुढे करू नका. आणि निरीक्षणासाठी त्या मुलीला नेमून देऊ नका. तिचा समज तुम्हाला ठाऊक झालेला आहे. ज्या मुलांच्या नावापुढे हिरवी खूण आहे पण ज्यांच्याशी अजून बोलणे झाले नाही, त्यांच्यातली तिघे निवडा. टिपणे झाली की इथे लिहा, मला वाचायची आहेत.